सर्वेक्षणांनी लाखो रूपविकारी तारे शोधले, मग आता आपल्यासाठी काय उरलं?

प्रश्न अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. गाया हा उपग्रह आणि झेडटीएफ, असॅस-एसएन यांसारखी जमिनीवरच्या दुर्बिणींची सर्वेक्षणं रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे लाखांच्या हिशेबात शोधतात. संगणकच त्यांचा आवर्तनकाल काढतो आणि वर्गही ठरवतो. मग मोठी दुर्बीण नसलेल्या, पण पायथन येणाऱ्या माणसाला यात खरोखर काही करता येतं का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी?

करता येतं, आणि पूर्वीपेक्षा जास्त करता येतं. शोधण्याचं काम यंत्रांनी उचललं, पण त्यामुळे तपासण्याचं काम कित्येक पटींनी वाढलं. सूचीतली ओळ वाचताना सगळेच आकडे सारख्या वजनाचे वाटतात: स्थान, प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा ठळक), आवर्तनकाल, वर्ग. यातलं स्थान आणि प्रत मोजलेली असते. आवर्तनकाल आणि वर्ग मात्र त्या मोजमापांवरून काढलेले निष्कर्ष असतात. प्रत्येक ओळ हा एक दावा आहे, असं धरून वाचायची सवय लागली की या विषयात तुमचं काम सुरू झालं असं समजा.

आधी पसारा किती आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय खगोल संघाने रूपविकारी ताऱ्यांच्या अधिकृत सूचीची जबाबदारी मॉस्कोच्या खगोलशास्त्रज्ञांवर सोपवली. कुकार्किन आणि पारेनागो यांनी १९४८ साली तिची पहिली आवृत्ती काढली. तिथे एकेक तारा माणसाच्या नजरेखालून जातो, म्हणून इतक्या दशकांनंतरही ती सूची काही दहा हजारांच्या घरातच आहे. १९८९ ते १९९३ या काळात हिपार्कोस उपग्रहाने १,१८,२१८ तारे मोजले. त्यांत ११,५९७ रूपविकारी निघाले, पैकी ८,२३७ पूर्वी कुणालाच माहीत नव्हते. लक्षात घ्या, हे सगळे तुलनेने तेजस्वी तारे होते, शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर असलेले. चिलीतल्या लास कांपानासहून १९९२ पासून चाललेल्या ओगल या पोलिश प्रकल्पाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. झेडटीएफच्या विदेवरून, म्हणजे डेटावरून, २०२० साली निघालेल्या एका सूचीत ७,८१,६०२ आवर्ती तारे आहेत. गायाच्या जून २०२२ मधल्या तिसऱ्या विदासंचात तर एक कोटीहून अधिक रूपविकारी स्रोत आहेत.

इतकं सगळं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. कॅटलिना सर्वेक्षणाचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून पुढे अमेरिकेतल्या कॅल्टेकला गेलेले आशिष महाबळ या चमूत होते. २०१४ साली या चमूने प्रसिद्ध केलेल्या सूचीसाठी ५४ लाख संशयित तारे चाळले गेले आणि त्यांतून सुमारे ४७,००० आवर्ती तारे हाती लागले. म्हणजे शंभरातला जेमतेम एक. बाकीच्यांत काही तारे खरोखर बदलणारे पण अनियमित असतात. पण मोठा भाग असतो पातळ ढगांचा, चंद्राच्या उजेडाचा, शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या पसरलेल्या प्रकाशाचा आणि संवेदकाच्या कडेला पडलेल्या प्रतिमांचा.

आता चुका नेमक्या कुठे होतात ते सांगतो. सर्वांत जास्त वेळ मी आवर्तनकालावर घालवणार आहे, कारण नव्या माणसाला सर्वांत जास्त फसवतो तो हाच आकडा.

जमिनीवरची दुर्बीण फक्त रात्री बघते, आणि एखादा ठरावीक तारा ती साधारण रोज त्याच सुमाराला बघते. त्यामुळे निरीक्षणांनाच एक दिवसाची लय असते. ही लय ताऱ्याच्या लयीत मिसळते. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरता पंखा कधी थांबल्यासारखा, कधी उलटा फिरल्यासारखा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. स्वरमंडळातला आरआर लायरी घ्या, ज्याच्या नावाने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या ताऱ्यांचा एक अख्खा वर्ग ओळखला जातो. त्याचा आवर्तनकाल ०.५६६९ दिवस, म्हणजे दिवसाला १.७६४ चक्रं. आज रात्री दहाला पाहिलं आणि उद्या रात्री दहाला पाहिलं, तर मधे एक पूर्ण चक्र आणि वर ०.७६४ चक्र झालेलं असतं. ते पूर्ण चक्र आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे दिवसाला ०.७६४ चक्रं म्हणजे १.३०९ दिवसांचा आवर्तनकाल, किंवा दिवसाला २.७६४ चक्रं म्हणजे ०.३६१८ दिवसांचा आवर्तनकाल, हे दोन्हीही त्याच बिंदूंवर जवळजवळ तितकेच चपखल बसतात.

यातली खरी अडचण पुढे आहे. ०.३६१८ दिवस हा आकडा बघून कुणाला शंकाही येणार नाही, कारण आरआर लायरी ताऱ्यांचा एक उपवर्ग, आरआरसी, नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणजे चुकीचा आवर्तनकाल ताऱ्याला सरळ चुकीच्या पण शोभणाऱ्या उपवर्गात नेऊन बसवतो. यंत्राने वर्ग ठरवताना आवर्तनकाल हाच मुख्य आधार घेतलेला असतो, म्हणून एक चूक दुसरीला जन्म देते आणि वर ९५ टक्के खात्रीचा शिक्का बसतो.

यावर उपाय आहेत. वर्षभरात निरीक्षणाची वेळ पुढेमागे सरकते, त्यामुळे आवर्तनकाल शोधायच्या आलेखातली खोटी शिखरं खऱ्या शिखरापेक्षा थोडी बुटकी होतात. पण बिंदू विरळ आणि गोंगाट जास्त असेल तर हा फरक पुसला जातो. वक्राचा, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखाचा, आकार पाहणं हा दुसरा उपाय. आरआर लायरीचा मूळ प्रकार झपाट्याने उजळतो आणि सावकाश मंदावतो, आरआरसीचा वक्र गोलसर असतो. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण तो आपल्या भूगोलातून आला आहे. झेडटीएफची दुर्बीण कॅलिफोर्नियातल्या पालोमारला, सुमारे ११७ अंश पश्चिम रेखांशावर आहे. आपल्याकडचं कुठलंही ठिकाण, उदाहरणार्थ जुन्नरजवळची आयुकाची गिरवली वेधशाळा, तिथून सुमारे १२ तास ४० मिनिटांच्या अंतरावर आहे. म्हणजे पालोमारची निरीक्षणं जिथे नेहमी तुटतात, बरोबर त्या मधल्या पोकळीत आपली रात्र पडते. वरच्या ताऱ्यासाठी गणित करून पाहा. पालोमारच्या निरीक्षणापासून १२ तास ४० मिनिटांनी आपण मोजलं, तर खरा आवर्तनकाल सांगतो की तारा चक्राचा ०.९३ भाग पुढे गेलेला असेल, म्हणजे जवळपास पुन्हा होता तिथे. उरलेले दोन्ही खोटे आवर्तनकाल सांगतात की तो अजून अर्ध्या चक्राच्याही अलीकडे असेल. भारतातून, साध्या सहा-आठ इंची दुर्बिणीवर सीमॉस कॅमेरा लावून घेतलेल्या एका रात्रीच्या मोजमापाने हा वाद मिटतो. असे वाद सूच्यांमध्ये हजारोंनी पडून आहेत.

दुसरी नेहमीची गफलत अर्ध्या आवर्तनकालाची. सप्तर्षीतला डब्ल्यू उर्से मेजोरिस हा एकमेकांना चिकटलेल्या दोन ताऱ्यांचा नमुना आहे. एका फेरीत, सुमारे आठ तासांत, दोन ग्रहणं होतात आणि दोन्ही जवळपास सारखीच खोल असतात. लोम्ब–स्कार्गल ही आवर्तनकाल काढायची सर्वांत वापरातली पद्धत विदेवर साइन वक्र बसवते. एका साइन लाटेत एकच खळगा असतो, म्हणून ती हमखास चार तास हे उत्तर देते. मग दोन ताऱ्यांची जोडी एकट्या, आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या ताऱ्यासारखी दिसू लागते. म्हणून कुठल्याही गोलसर वक्राचा आवर्तनकाल दुप्पट करून एकदा घडी घालायचीच, म्हणजे सगळी चक्रं एकावर एक रचून पाहायची. दोन खळग्यांच्या खोलीत शंभराव्या भागाचाही फरक दिसला तर ती जोडी आहे. फरक दिसत नसेल तर गायाचं अंतर मदतीला घ्या. आरआर लायरी ताऱ्यांची निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे तारे सारख्या अंतरावर ठेवले तर दिसेल ती प्रत, ०.६ च्या आसपास असते, डब्ल्यू उर्से मेजोरिसची ४ च्या आसपास. साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे तेजात सुमारे २५ पट. अंतर ठाऊक असेल तर इथे गोंधळायला जागाच राहत नाही. गाया येण्यापूर्वी ही सोय बहुतेक ताऱ्यांसाठी नव्हती, आणि तेव्हाच्या कित्येक नोंदी अजून कुणी परत तपासलेल्या नाहीत.

याच्या उलट टोकाला ययातीतल्या अल्गोलसारखे तारे. जवळपास तीन दिवसांच्या फेरीत ठळक ग्रहण फक्त दहा तासांचं, बाकी वेळ प्रकाश जवळजवळ सपाट. इथे साइन वक्र कामाचा नाही. चौकोनी खळगा शोधणारी बीएलएस पद्धत किंवा चक्रातल्या टप्प्यानुसार (फेजनुसार) बिंदूंचं विखुरणं मोजणारी पीडीएम पद्धत वापरा. पायथनच्या ॲस्ट्रोपाय या संचात लोम्ब–स्कार्गल आणि बीएलएस दोन्ही तयार मिळतात.

शेजाऱ्याचा प्रकाश हा तिसरा मुद्दा, आणि तो समजायला सोपा आहे. टेस उपग्रहाचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा आहे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), असॅस-एसएनचा सुमारे ८ विकलांचा, झेडटीएफचा १ विकलेचा. टेसच्या एका पिक्सेलमध्ये आकाशगंगेच्या पट्ट्यात डझनभर तारे सहज मावतात. त्यांतला एखादा अंधुक तारा खोल ग्रहण दाखवत असेल तर ते शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या नावावर उथळ खळगा म्हणून जमा होतं. दोन विकला-पाच विकला अंतरावरच्या दोन ताऱ्यांना सूचीत दशांशापर्यंत एकच आवर्तनकाल दिसला, की त्यांतली एक नोंद बहुधा चुकीची आहे असं समजा. कुठली ते झेडटीएफच्या मूळ प्रतिमा उघडून पाहिलं की कळतं.

गायासुद्धा यातून सुटलेला नाही. २०२५ च्या सुरुवातीला त्याची निरीक्षणं थांबेपर्यंत तो स्वतःभोवती फिरत आकाश पुसत जायचा आणि त्याचा अक्ष ६३ दिवसांत एक गिरकी घ्यायचा. एखाद्या ताऱ्याला अगदी जवळचा जोडीदार असेल, किंवा तो तारा नसून पसरट दीर्घिका असेल, तर पुसण्याची दिशा बदलली की मोजलेला प्रकाशही किंचित बदलायचा. मग ताऱ्यात काही घडत नसताना गायाच्या गिरकीशी नातं सांगणारे आवर्तनकाल उमटतात. गायाच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच २०२३ साली हे सविस्तर मांडलं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की सर्वेक्षणाची विदा उतरवण्याआधी ते सर्वेक्षण आकाश कसं बघतं हे वाचा: किती दिवसांनी, कुठल्या फिल्टरमधून, किती मोठ्या पिक्सेलने, आणि कुठल्या प्रतीच्या वर त्याचे डोळे दिपतात. या चार गोष्टी माहीत असल्या तर निम्म्या खोट्या नोंदी नुसत्या बघून ओळखता येतात.

आता वर्गाबद्दल. ताऱ्याला कुठल्या खणात टाकायचं हा कारकुनी प्रश्न वाटतो, पण एकदा या खणांच्या गोंधळाने विश्वाचं माप निम्म्यावर आणलं होतं. हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी मॅजेलनच्या ढगांच्या काचेवरच्या छायाचित्रांतून १९०८ साली १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी दिली. १९१२ मध्ये लहान ढगातल्या २५ सेफीड, म्हणजे आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या तेजस्वी, ताऱ्यांवरून त्यांनी दाखवून दिलं की आवर्तनकाल जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी. आवर्तनकाल मोजला की खरं तेज कळतं आणि दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर. हबल यांना ऑक्टोबर १९२३ मध्ये देवयानीच्या तेजोमेघात, आज आपण जिला दीर्घिका म्हणतो तिच्यात, सेफीड सापडला, आणि आपल्या आकाशगंगेबाहेरही आकाशगंगा आहेत हे सिद्ध झालं. पण अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षं. आजचा आकडा २५ लाखांच्या आसपास आहे.

कारण सेफीड म्हणून ज्यांची एकच मोट बांधली होती ते दोन वेगळ्या कुळांतले तारे होते. तरुण, वजनदार सेफीड आणि वयोवृद्ध, हलके सेफीड यांचा आवर्तनकाल सारखा असला तरी तरुण ताऱ्यांचं तेज सुमारे दीड प्रतीने, म्हणजे चौपट, जास्त असतं. मोजपट्टी वृद्धांवरून आखली आणि लावली तरुणांना. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांना हे कळलं ते एका न दिसलेल्या गोष्टीवरून. पालोमारच्या नव्या २०० इंची दुर्बिणीतून देवयानीतले आरआर लायरी तारे दिसायला हवे होते, अंतर खरं असतं तर. ते दिसले नाहीत. १९५२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या रोमच्या अधिवेशनात बाडे यांनी हे मांडलं आणि दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. मुख्य चूक मोजमापाची नव्हती, चुकला होता तो खण.

यंत्र जेव्हा वर्ग ठरवतं तेव्हा ते आधी माणसांनी ठरवलेल्या नमुन्यांवरून शिकलेलं असतं. त्या नमुन्यांत जे नाही ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं, आणि अनोळखी ताऱ्यालाही ते सर्वांत जवळच्या खणात बसवून टाकतं. हंस तारकासमूहातला केआयसी ८४६२८५२, ज्याला आता बोयाजियानचा तारा म्हणतात, हा याचा धडा आहे. केप्लर या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या संगणकीय गाळण्या नियमित खळगे शोधत होत्या. या ताऱ्याचे खळगे अनियमित आणि वेडेवाकडे होते, एकदा तर प्रकाश २२ टक्क्यांनी उतरला. तो नजरेस आणून दिला ‘प्लॅनेट हंटर्स’ उपक्रमातल्या स्वयंसेवकांनी, घरच्या संगणकावर एकामागून एक वक्र बघता बघता. म्हणून माझा आग्रह असतो की रोज थोडे तरी वक्र डोळ्यांनी बघा, नुसते आकड्यांचे तक्ते बघू नका. चांगल्या संशोधकाच्या मनात हजारो वक्रांचे आकार साठलेले असतात, आणि वेगळा आकार आला की त्याचा हात तिथेच थबकतो.

काळाची लांबी हा मुद्दा सर्वेक्षणांच्या गर्दीत मागे पडतो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाच वर्षांची सलग विदा मिळाली तर आरआर लायरीसारखा तारा त्यात तीन हजारांहून जास्त चक्रं पूर्ण करतो. चक्राच्या शंभराव्या भागाइतक्या अचूकपणे त्याचा माथा, म्हणजे कमाल तेजाची वेळ, पकडता आला, तर आवर्तनकाल सेकंदाच्या सातव्या भागापर्यंत नेमका मिळतो. छोट्या आवर्तनकालासाठी पाच वर्षं म्हणजे खूप झाली. पण तिमिंगलातला मीरा एका चक्राला सुमारे ३३२ दिवस घेतो. त्याचा माथा दरवर्षी साधारण ३३ दिवस आधी येतो, आणि ज्या वर्षांत तो एप्रिल-मेमध्ये, सूर्य त्या बाजूला असताना येतो, त्या वर्षांत कुणालाच नीट दिसत नाही. वासुकीतला आर हायड्री तर आणखी लांबची गोष्ट सांगतो. १७०० च्या सुमारास त्याचा आवर्तनकाल ४९५ दिवसांच्या आसपास होता, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ३८५ च्या जवळ आला. ताऱ्याच्या पोटातल्या हेलियमच्या कवचात होणाऱ्या उलथापालथीशी हा बदल जोडला जातो. ताऱ्याची उत्क्रांती माणसाच्या काळमापात दिसण्याची अशी संधी फार थोडी मिळते, आणि कुठलंही एक सर्वेक्षण ती पाहू शकत नाही. ती दिसते पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलेल्या अंदाजांतून.

यात आपल्या उपखंडाचा वाटा आहे. मद्रास वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातला आर रेटिक्युली बदलतो हे ओळखलं. जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी तिजोरीत नोकरी करत रात्री तारे बघायचे. अमेरिकेतल्या रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेला, म्हणजे १९११ साली स्थापन झालेल्या एएव्हीएसओला, त्यांनी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं पाठवली. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. तीच दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली आणि तामिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत पोहोचली. चंद्र यांचे आकडे आजही त्या संग्रहात आहेत आणि लांब आवर्तनकालाच्या ताऱ्यांवर काम करणारा कुणीही ते उतरवून घेऊ शकतो. हार्वर्डच्या चार लाखांहून जास्त जुन्या काचपट्ट्याही आता अंकीय रूपात उघड्या आहेत. झेडटीएफचे बिंदू आणि हार्वर्डचे बिंदू एकाच आलेखावर ठेवून शंभर वर्षांत आवर्तनकाल सरकला का हे बघणं, हा पदव्युत्तर प्रकल्प होऊ शकतो आणि त्याला लॅपटॉपखेरीज काही लागत नाही.

दुसरी रिकामी जागा अशी आहे की ऐकून नवीन माणसाला आश्चर्य वाटतं. सर्वेक्षणांना तेजस्वी तारे दिसत नाहीत. झेडटीएफचा संवेदक साधारण साडेबाराव्या प्रतीच्या वर भरून वाहतो, असॅस-एसएनचा दहाव्या-अकराव्या प्रतीच्या आसपास. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा, आणि जून २०२५ मध्ये तिच्या पहिल्या प्रतिमा जगाने पाहिल्या. ती दर रात्री आकाशातल्या बदलांच्या लाखोंनी सूचना देणार, पण सोळाव्या प्रतीपेक्षा ठळक तारे तिच्यासाठी बहुतांशी निरुपयोगी असतील. म्हणजे दुर्बिणी जसजशा मोठ्या होत आहेत, तसतसं नुसत्या डोळ्यांनी, द्विनेत्रीने दिसणारं आकाश बेवारस होत चाललं आहे. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत १.६ प्रतीपर्यंत उतरला. त्याचा सलग वक्र आपल्याकडे आहे तो छोट्या उपकरणांवर आणि हौशी निरीक्षकांच्या डोळ्यांवर विसंबून. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरियालिस १८६६ आणि १९४६ मध्ये एकाएकी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला होता. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो, म्हणजे मोठ्या सर्वेक्षणांच्या दृष्टीने फारच तेजस्वी. अशा ताऱ्यांवर रोज नजर ठेवणारी माणसं लागतात. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा अशा मंडळींबरोबर दोन-चार रात्री बसा. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत ठरवायची हातोटी पुस्तकातून येत नाही.

आपला पावसाळा ही खरी अडचण आहे. जून ते सप्टेंबर रात्री हातच्या जातात, आणि वृश्चिक-धनूकडचे तारे नेमके तेव्हाच रात्री उंचावर असतात. म्हणून महाराष्ट्रातून काम करायचं असेल तर ऑक्टोबर ते मे या काळात रात्री सोयीच्या वेळी उंचावर येणारे तारे निवडा, आणि ते चार महिने विदा चाळण्यासाठी ठेवा.

तुम्हाला पायथन येतं, तर मी असं करेन. आकाशाचा एक छोटा तुकडा घ्या, आकाशगंगेच्या गर्दीपासून थोडा दूर. एएव्हीएसओच्या व्हीएसएक्स या खुल्या सूचीतून त्या तुकड्यातले सगळे रूपविकारी तारे काढा. फक्त एकाच सर्वेक्षणाच्या भरवशावर असलेल्या नोंदी वेगळ्या करा. त्यांतल्या आरआरसी आणि डब्ल्यू उर्से मेजोरिस गटातल्या ताऱ्यांपासून सुरुवात करा, कारण वर सांगितलेल्या दोन्ही गफलती तिथे एकवटतात. प्रत्येकाची झेडटीएफ आणि असॅस-एसएन या दोन्हींची विदा उतरवा, सूचीतला आवर्तनकाल न बघता स्वतः काढा, दुप्पट करून बघा, एक दिवसाच्या लयीने आलेले खोटे आकडे करून बघा, गायाचं अंतर आणि रंग शेजारी मांडा. मगच सूची उघडा. पहिल्या महिन्यातच तुम्हाला न जुळणाऱ्या नोंदी सापडतील.

सुधारणा व्हीएसएक्सला पाठवता येते. नोंदणी करावी लागते, आणि स्थान, कुठल्या फिल्टरमधला चढउताराचा पल्ला, वर्ग, आवर्तनकाल, माथ्याची किंवा खळग्याची एक नेमकी वेळ आणि घडी घातलेला वक्र द्यावा लागतो. संपादक बारकाईने बघतात आणि उलट प्रश्न विचारतात. ते प्रश्न मनापासून घ्या, इतकं चांगलं फुकट प्रशिक्षण दुसरीकडे मिळणार नाही.

वेळेबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून शिस्त लावा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर्यमार्गाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश वर्षाच्या एका टोकाला दुसऱ्या टोकापेक्षा साडेसोळा मिनिटं उशिरा पोहोचतो. आठ तासांच्या ताऱ्यासाठी ही चक्राच्या साडेतीन टक्क्यांची चूक झाली. सर्वेक्षणाने वेळ दुरुस्त करून दिली आहे की नाही ते फाइलच्या शीर्षकात पाहा आणि सगळी विदा एकाच पद्धतीत आणा. स्वतःची निरीक्षणं ज्युलियन दिवसांत लिहा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, एवढंच लक्षात ठेवायचं. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे आपली सबंध रात्र एकाच आकड्यात बसते आणि मध्यरात्री तारीख बदलण्याचा गोंधळ होत नाही.